शोधावे, झाकावे की सोसावे?

विद्युत-गिटार वाजवणाऱ्याच्या पायाशी धातूची एक लहानशी पेटी ठेवलेली असते. तार छेडली की गिटारीच्या पिकअपमध्ये अत्यंत क्षीण असा विद्युत्संकेत निर्माण होतो. तो वायरीने या पेटीत येतो, तेथे त्याला वेगळे रूप दिले जाते आणि मग तो ॲम्प्लिफायरकडे जातो. पायाने कळ दाबली की हे रूपांतर सुरू होते, पुन्हा दाबली की थांबते. या पेटीला 'इफेक्ट पेडल' म्हणतात. ती दुकानात तयार मिळते; पण दोन-चार ट्रान्झिस्टर किंवा एखादी चिप, मूठभर रेझिस्टर व कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यावर तिचे काम भागत असल्यामुळे अनेक हौशी मुले ती घरीच जुळवतात. आमच्या वाचकांच्या घरांतून गिटार हे वाद्य परके नाही. तेव्हा सोल्डरिंगचा वासही काही घरांच्या परिचयाचा असेल.

अशी घरी केलेली पेटी प्रथम सुरू होते, तेव्हा बहुधा संगीताच्या आधी दुसरेच काहीतरी ऐकू येते. कधी गुणगुण, कधी सळसळ, कधी शीळ. मग करणाऱ्यापुढे तीन मार्ग असतात. आवाजाचे मूळ शोधावे, तो कशाने तरी झाकावा, किंवा तो तसाच सोसावा. माणसाच्या स्वभावात, घरात आणि समाजात जो दोष कानावर येतो, त्याच्याबाबतही हेच तीन मार्ग असतात. आणि त्यांतला कोणता केव्हा योग्य, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. त्याचा विचार या पेटीच्या आधारे करावा असे आम्हांस वाटले, कारण येथे चुकीच्या निवडीचा परिणाम लवकर आणि स्पष्ट दिसतो.

प्रथम हे पाहू की, नको असलेला आवाज म्हणजे नेमके काय? उत्तर वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचे ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रणेतील एक भाग बिघडला, आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या बास गिटारचा स्वर फाटून गुरगुरल्यासारखा उमटला. तो टाकून न देता तसाच ठेवण्यात आला. १९६१ साली ते गाणे लोकांपुढे आले आणि तो फाटका स्वर इतर वादकांनाही हवासा वाटू लागला. ग्लेन स्नॉडी या ध्वनिमुद्रण-तंत्रज्ञाने तसाच स्वर ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने काढणारी रचना तयार केली. गिब्सन कंपनीने ती १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकावयास काढली. पायाने चालवावयाच्या आरंभीच्या पेट्यांपैकी ही एक होय.

जो काल बिघाड होता तोच आज गुण कसा झाला? स्वर बहुतांशी तोच होता. त्यात कळेची भर पडली होती. हवा तेव्हा तो स्वर आणता येई, नको तेव्हा थांबवता येई. यावरून आम्ही असे म्हणू की, नको असलेल्या आवाजाचे लक्षण त्याच्या कर्कशपणात शोधू नये. तो आपल्या इच्छेला न जुमानता चालू राहतो, हे त्याचे लक्षण होय. रागाचेही असेच आहे. अन्याय पाहून उठणारा आणि काम होताच निवणारा राग वेगळा, आणि कारण विसरले गेल्यावरही दिवसभर घरात गुणगुणत राहणारा राग वेगळा. पहिल्याला कळ असते, दुसऱ्याला नसते.

आता शोधण्याचा मार्ग घेऊ. नको असलेला आवाज एकाच जातीचा नसतो, आणि कान देऊन ऐकणाऱ्याला तो स्वतःच आपला पत्ता सांगतो. आपल्याकडील घरगुती वीज २३० व्होल्टची असून तिची सेकंदाला ५० आवर्तने होतात. म्हणून ५० हर्ट्झची खोल गुणगुण ऐकू आली तर जवळचा एखादा ट्रान्सफॉर्मर किंवा अर्थिंगची सदोष जोडणी यांच्याकडे संशय जातो. ॲडॉप्टरमध्ये विजेचे रूपांतर होताना प्रत्येक आवर्तनाच्या दोन लाटा बनतात. त्या नीट सपाट झाल्या नाहीत तर १०० हर्ट्झची गुणगुण येते, म्हणजे बरोबर एक सप्तक वरची. ज्याचा कान तयार आहे त्याला हा भेद कोणत्याही मापकाशिवाय कळतो. सरीसारखी एकसारखी सळसळ बहुधा सुट्या भागांतूनच येते. हात लावताच वाढणारी खरखर सैल सांध्याची, दुरुस्तीवाले ज्याला 'ड्राय सोल्डर' म्हणतात त्याची, असू शकते. शीळ वाजते तेव्हा बाहेर जाणारी वायर आत येणाऱ्या वायरीच्या फार जवळून गेलेली असते, आणि पेटी स्वतःचाच आवाज पुनःपुन्हा ऐकून तो वाढवीत बसते. कळ दाबताना ठोका पडत असेल तर एखाद्या कपॅसिटरवर साचलेला भार वाट शोधत असतो. त्याला दहा लाख ओहमच्या रेझिस्टरची वाट काढून दिली की तो शांत होतो. क्वचित पेटीतून मध्यम लहरींवरील रेडिओचे निवेदनही ऐकू येते, कारण ट्रान्झिस्टर आपण होऊन रेडिओचे काम करू लागतो.

मराठीत 'दोष शोधणे' आणि 'दोष देणे' असे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. व्यवहारात मात्र दुसरे आधी घडते आणि पहिले मागे राहते. पेटी गुणगुणू लागली की पहिला ठपका ती जुळवणाऱ्या मुलावर येतो. दुकानातून आणलेला ॲडॉप्टर, छापील नाव असलेला ॲम्प्लिफायर, जुनी गिटार यांच्याकडे कोणी पाहत नाही. घरी केलेली वस्तू तेवढी संशयित ठरते. थॉमस अक्वायनस या तत्त्वज्ञाने केवळ संशयावरून केलेल्या निवाड्याचा स्वतंत्र विचार करून तो अनुचित ठरवला आहे. कारण उघड आहे. अपुऱ्या खुणेवरून दुसऱ्याविषयी वाईट मत बनवले की सत्य तर हाती लागत नाहीच, शिवाय त्या माणसावर अन्याय होतो.

शोधण्याची रीत याच्या उलट आहे. गिटारीचा आवाज बटणाने शून्यावर आणावा. गुणगुण थांबली तर ती पेटीच्या आधीची आहे. गिटार हातात धरून सावकाश फिरावे. दिशेबरोबर गुणगुण कमी-जास्त झाली तर पिकअप बाहेरचे चुंबकीय क्षेत्र टिपत आहे, पेटी निर्दोष आहे. ॲडॉप्टर काढून बॅटरी लावावी. आवाज गेला तर दोष विजेच्या पुरवठ्यात आहे. झाकण लावून ॲल्युमिनियमची पेटी बंद करावी. आवाज गेला तर तो हवेतून येत होता. यात एक नियम काटेकोरपणे पाळावा लागतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची. जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात ही रीत मांडली: बाकी सर्व तेच ठेवून एकच गोष्ट वेगळी केली आणि परिणाम बदलला, तरच त्या गोष्टीला कारण म्हणण्याचा आपल्याला अधिकार आहे. जो अधीरतेने चार भाग एकदम बदलतो त्याची गुणगुण कदाचित जाईलही, पण कोणता भाग दोषी होता हे त्याला कधी कळणार नाही. तीन निर्दोष भाग त्याने उगाच फेकून दिलेले असतील.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आवाज जेथे मोठा ऐकू येतो तेथे तो जन्मलेला नसतो. समजा, पेटीत संकेत दहापट वाढवणाऱ्या दोन पायऱ्या एकापुढे एक आहेत. पहिल्या पायरीच्या तोंडाशी शिरलेला कण शंभरपट होऊन बाहेर पडतो. दुसऱ्या पायरीच्या तोंडाशी शिरलेला तेवढाच कण दहापटच होतो. हाराल्ड फ्रीस या अभियंत्याने १९४४ साली रेडिओच्या संदर्भात याचे सूत्र मांडले. पहिली पायरी शांत असेल तर पुढच्या पायऱ्यांचा गोंगाट फारसा जाणवत नाही; पहिलीच गोंगाटी असेल तर पुढे कितीही उत्तम भाग बसवले तरी उपयोग थोडा. घरातले भांडण रात्री जेवणाच्या ताटावर पेटते आणि जो शेवटी मोठ्याने बोलला त्याला दोष दिला जातो. सकाळी कोणी कोणाकडे पाहून न पाहिल्यासारखे केले होते, याची चौकशी होत नाही. तो आवाज फार बारीक होता.

दुसरा मार्ग झाकण्याचा. 'नॉइज गेट' नावाचे एक साधन मिळते. संकेत ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की ते दार बंद करते आणि सर्व शांत होते. वाजवणे थांबले की गुणगुणही थांबते; ऐकणाऱ्याला वाटते, पेटी निर्दोष झाली. वास्तविक वाजवणे चालू असताना गुणगुण स्वरांच्या खाली तशीच असते. शिवाय या द्वारपालाला फक्त लहान-मोठे कळते. हळूहळू विरत जाणारा स्वर मर्यादेखाली आला की तोही गुणगुणीबरोबर कापला जातो. याच्या शेजारी गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर याने १९५५ च्या सुमारास केलेला 'हम्बकर' पिकअप ठेवून पाहावा. त्यात दोन वेटोळी अशा रीतीने जोडलेली असतात की, बाहेरची गुणगुण दोहोंत परस्परविरुद्ध होऊन नाहीशी होते आणि तारेचा स्वर दोहोंत मिळून वाढतो. पहिले साधन आवाज किती मोठा आहे एवढेच विचारते; दुसरे तो कोठून आला याचा भेद करते. कोणत्याही मंडळात, कोणत्याही बैठकीत हलक्या आवाजात बोलणाऱ्यांचे काय होते, हे आम्ही पाहिलेले आहे. तेथे गेट पुष्कळ असतात.

तरीही गेटला आम्ही अनैतिक म्हणणार नाही. सभागृहात कार्यक्रम सुरू व्हावयाचा असताना थोडे झाकणे क्षम्य आहे, शोध पुढे होणार असेल तर. झाकण्याचा एक प्रकार मात्र असा आहे की, तेथे आमची क्षमाशीलता संपते.

ॲम्प्लिफायरच्या प्लगला तीन पिना असतात. वरची जाड आणि लांब पिन अर्थिंगची. ती लांब असण्यामागे हेतू आहे: प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. दोन उपकरणे वेगवेगळ्या सॉकेटमधून अर्थिंग घेत असतील आणि आवाजाच्या वायरीनेही एकमेकांना जोडलेली असतील, तर अर्थिंगचे एक वर्तुळ पूर्ण होते. त्यातून सूक्ष्म प्रवाह फिरतो आणि गुणगुण येते. यावर एक 'युक्ती' सर्वत्र प्रचलित आहे. ती पिन काढून टाकावी, किंवा दोन पिनांचा जोड मध्ये घालावा. गुणगुण तत्काळ थांबते.

आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या एका सरावाच्या वेळी हा प्रसंग आम्ही प्रत्यक्ष पाहिला. पक्कड हातात घेतलेला मुलगा म्हणाला, "काका, एवढी पिन तोडली की आवाज जातो." ज्यांना तो काका म्हणत होता ते गावातले जुने वायरमन. त्यांनी पक्कड काढून घेतली आणि एवढेच म्हणाले, "बाळा, आवाज ऐकू येतो. करंट ऐकू येत नाही." नंतर त्यांनी सर्व उपकरणे एकाच बोर्डावर आणली आणि पुष्कळशी गुणगुण गेली. राहिलेली थोडी सिग्नलच्या वायरीचे शील्ड एका टोकाला सोडवल्यावर गेली. अर्धा तास लागला.

त्या पिनेचे काम काय? ॲम्प्लिफायरच्या आत जिवंत वायर सुटून धातूच्या चौकटीला लागली, तर अर्थिंगमधून मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो आणि उपकरण बंद पडते. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही. दिवा लागलेला राहतो, आवाज स्वच्छ येतो. फक्त चौकट, तिला जोडलेल्या वायरीचे शील्ड आणि त्या शील्डाला जोडलेल्या गिटारीच्या तारा या सर्वांवर २३० व्होल्ट उभे राहतात. वादकाचा हात तारांवर असतोच. दुसरा हात मायक्रोफोनला लागला की प्रवाहाला शरीरातून वाट मिळते. स्कॉटलंडचा गिटारवादक लेस्ली हार्वी १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून विजेच्या धक्क्याने मरण पावला. तो २७ वर्षांचा होता.

आमच्या विषयाचा गाभा येथे आहे. पिन तोडणारा मनुष्य दुष्ट नसतो. त्याला शांतता हवी असते, आणि शांतता चांगलीच गोष्ट आहे. पण ती शांतता त्याने स्वतःच्या खर्चाने घेतलेली नसते. तिची किंमत उद्या, परवा, कदाचित दोन वर्षांनी, ज्याला या पिनेविषयी काहीच ठाऊक नाही असा कोणी दुसरा देणार असतो. शिवाय गुणगुण ही निदान सूचना होती. ती गेल्यावर धोक्याची कोणतीच खूण उरत नाही. दोष झाकावा की नाही, या प्रश्नाची कसोटी आम्हांस यातून मिळते. शांतता कोणाला मिळते आणि तिची किंमत कोण देतो? दोन्ही उत्तरे एकच असतील तर विचार करता येईल. वेगवेगळी असतील तर ते झाकणे अन्याय होय.

ही कसोटी घरांना लावून पाहावी. "आमच्या घरात कधी आवाज चढत नाही," असे अभिमानाने सांगणारी कुटुंबे आम्हांस भेटतात. काही घरांबाबत ते खरेच असते. काही घरांत मात्र एकच व्यक्ती गप्प झालेली असते आणि तिच्या गप्प राहण्याला घराची शांतता असे नाव मिळालेले असते. सुनेने काही सांगावयास सुरुवात केली की "सोस, बाई, सगळीकडे असेच असते" असे म्हटले जाते. नवरा दारू पितो, हात उगारतो, पगार घरी येत नाही, हे तिने बोलून दाखवणे म्हणजे घराच्या गाण्यातली गुणगुण होय, असे मानणारी माणसे आजही आहेत. ती गप्प झाली की सर्वांना बरे वाटते. पण तिचे बोलणे ही त्या घराची अर्थिंगची पिन होती. ती तोडल्यावर जे उभे राहते ते कोणालाच ऐकू येत नाही. ज्याचा हात लागेल त्याला कळते, आणि तो हात पुष्कळदा लहान मुलाचा असतो.

यावर कोणी विचारील, मग सोसण्याला काहीच स्थान नाही काय? आहे, आणि मोठे आहे. जे. बी. जॉन्सन आणि हॅरी नायक्विस्ट या मूळच्या स्वीडनच्या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केलेले संशोधन १९२८ मध्ये प्रसिद्ध झाले. जॉन्सनने मोजून आणि नायक्विस्टने गणिताने दाखवले की, प्रत्येक रेझिस्टर, त्याला कोणताही प्रवाह दिलेला नसला तरी, आपल्या उष्णतेमुळेच सूक्ष्म विद्युत्कंप निर्माण करीत असतो. दहा हजार ओहमच्या साध्या रेझिस्टरवर खोलीच्या तापमानाला, माणसाला ऐकू येणाऱ्या कंपनांच्या पट्ट्यात हा कंप सुमारे दोन मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टचा पाच लाखावा भाग असतो. तो वाढवत नेला की सळसळ ऐकू येते. रेझिस्टरचे मूल्य शंभरपट कमी केले तरी ती दहापटच कमी होते. पूर्ण शांतता हवी असेल तर तापमान उणे २७३ अंश सेल्सियसपर्यंत, म्हणजे जेथे उष्णता म्हणून काही उरतच नाही तेथपर्यंत, न्यावे लागेल. ही सळसळ कोणाच्या चुकीने आलेली नाही. वस्तूला ऊब आहे एवढेच तिचे कारण आहे.

जाणता कारागीर म्हणूनच एका टप्प्यावर थांबतो. गुणगुण गेली, शीळ गेली, सांधे पक्के झाले, आता जी बारीक सळसळ उरली ती या रचनेबरोबर आलेली आहे, हे तो ओळखतो आणि वाजवू लागतो. जो येथेही थांबत नाही तो पेटी पुनःपुन्हा उघडतो, पुनःपुन्हा डाख देतो, आणि शेवटी तापून गेलेल्या तांब्याच्या पट्ट्याच उचकटून येतात. माणसांच्या बाबतीतही परिपूर्णतेचा असा आग्रह धरणारे असतात. म्हातारपणी वडील तीच गोष्ट चौथ्यांदा सांगतात, मूल जेवताना पाय हलवते, सोबती झोपेत घोरतो: ही जिवंत माणसांच्या उबेची सळसळ आहे. तिच्यावर कोणताही डाख चालत नाही आणि चालवूही नये.

पण सोसण्याला एक अट आहे, आणि ती बहुधा विसरली जाते. सळसळ सोसावयाची असते ती गुणगुण शोधून झाल्यावर. आधी शोध, मग सोसणे. शोधाचे कष्ट टाळण्यासाठी जो सोसण्याची थोरवी सांगतो, तो सहनशीलतेच्या नावाखाली आळस शिकवतो. त्यातही एक भेद करावयास हवा. मनुष्य स्वतःच्या कानांनी सळसळ सोसतो, तेव्हा ते सोसणे त्याचे असते. दुसऱ्याला "तू सोस" असे सांगण्याचा अधिकार मात्र त्यालाच आहे, ज्याने त्याच्याजवळ बसून, एका वेळी एक गोष्ट बदलत, मूळ शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे. वडीलधारे, शिक्षक, पंच आणि आम्ही धर्मगुरू, ज्यांच्याकडे लोक आपली गुणगुण घेऊन येतात, त्या सर्वांना ही अट लागू आहे.

तेव्हा क्रम असा ठरतो. नको असलेला आवाज आला तर प्रथम तो नीट ऐकावा. तो स्वतः पुष्कळ सांगतो. मग मूळ शोधावे, आणि सापडेपर्यंत कोणावर ठपका ठेवू नये. झाकणे भाग पडले तर त्याची किंमत दुसऱ्याला द्यावी लागणार नाही याची आधी खात्री करावी. एवढे करून जे उरेल ते आनंदाने सोसावे. आपल्या सभागृहातील आणि घरातील प्लग आजच एकदा पाहून घ्यावेत, आणि वरची पिन जागेवर आहे ना, हे तपासावे, अशी आमची वाचकांना विनंती आहे.